पेशंटला सांगू नका

लखनौच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याचे रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, "अंकल, आप ज़रा बाहर बैठिए." हे मुकाट्याने उठून गेले. मग डॉक्टरांनी मला सांगितलं, एंड स्टेज रीनल डिसीज. म्हणजे दोन्ही किडन्या कायमच्या निकामी झाल्या, पुन्हा सुरू होणार नाहीत. हृदय कमजोर, त्यामुळे किडनी बदलणंही जमणार नाही. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त गाळून घ्यायचं. तेही शरीर साथ देईल तोवर.

हे ऐकून माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "इनको मत बताइएगा." डॉक्टरांना सुटल्यासारखंच वाटलं. "वही ठीक रहेगा," म्हणाले. दोन मिनिटांत आम्ही दोघांनी एका शहाण्या माणसाचा निकाल लावला आणि तो माणूस बाहेर बाकावर बसून चपलेतला खडा काढत होता.

हे रेल्वेत पुलांचे इंजिनीयर. अमरावती सोडून आम्ही नोकरीपायी इथे आलो आणि आलमबागेतच राहिलो. मी त्यांना सांगितलं, किडन्यांना सूज आहे, यंत्राने विश्रांती मिळाली की चालू होतील. त्यांना ते पटलं. दुरुस्तीसाठी भार तात्पुरता दुसरीकडे वळवायचा, हे तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं. मी थाप मारली तीही त्यांच्याच भाषेत, याची मला आज किळस येते.

मग अटेंडंट म्हणून माझी भरती झाली. रुग्णालयात सगळं अटेंडंटला विचारतात. फाइल अटेंडंटच्या पिशवीत, फॉर्मवर सही अटेंडंटची. ह्यांच्या हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केला, म्हणजे सुया टोचायला जाड शीर तयार केली, त्यालाही संमती माझीच. ह्यांच्या अंगावरून वाकून टेक्निशियन मला विचारायचा, "अंकल को भूख लगती है?" आणि मी निर्लज्जासारखी उत्तर द्यायची.

चौदा महिने असे गेले. बाहेर मेट्रोसाठी रस्ता खणलेला, त्यामुळे जायला तास आणि यायला तास. यंत्रावर रक्तदाब कोसळायचा, पोटऱ्यांत गोळे यायचे, घरी आल्यावर उलट्या. दिवसाचं पाणी मोजून. अंगाला अशी खाज की ते कंगव्याने पाठ खाजवायचे. तरी म्हणायचे, बरा झालो की अमरावतीला ताईकडे महिनाभर राहू. त्यांची थोरली बहीण पायांनी अधू, तिला प्रवास झेपत नव्हता. सुरुवातीचे काही महिने ते सहज जाऊ शकले असते, तिथेही डायलिसिस होत होतं. पण त्यांना बरं होऊन जायचं होतं, आणि मी "हो, जाऊ ना" म्हणत राहिले.

एक दिवस मला ताप होता म्हणून ते एकटेच ऑटोने गेले. अटेंडंट नाही, म्हणून फॉर्म पहिल्यांदा त्यांच्या हातात पडला. न वाचता सही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. निदानाच्या ओळीत ते शब्द होते. त्यांनी टेक्निशियनला विचारलं. तो सहज म्हणाला, "अंकल, ये तो लाइफ लाँग है, आंटीजी को पता है."

घरी येऊन त्यांनी मला एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"पुलाला तडा गेलाय हे माहीत असून तू वरून गाड्या सोडत राहिलीस," ते म्हणाले. पुढे चार दिवस माझ्याशी एक शब्द नाही.

पाचव्या दिवशी छातीत पाणी भरलं आणि त्यांना भरती केलं. डॉक्टर म्हणाले, आयसीयू, गरज पडल्यास व्हेंटिलेटर, म्हणजे नळी घालून यंत्राने श्वास. सुटका कधी, ते सांगता येत नव्हतं. हे धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, आता हे सगळं बंद, डायलिसिससुद्धा, घरी चला. लखनौतच वाढलेला आमचा मुलगा बंगळूरहून धावत आला होता, तो माझ्यावर उखडला. "आई, तू बाबा को ऐसे ही जाने देगी?" डॉक्टर तर त्याच्याही पुढे. "आप इनको घर ले जाकर मारेंगी."

तेव्हा खाटेवरून आवाज आला, "डॉक्टर साहब, मुझसे बात कीजिए."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि लगेच फाइलकडे. मी विचारलं, घरी धाप लागली तर काय द्यायचं? "यहाँ इलाज होता है," असं उत्तर मिळालं. यातना कमी करणं हा त्यांच्या लेखी इलाज नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. मग लामाचा कागद आला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेतो असं लिहून देणं. कागद माझ्यापुढे सरकवला. ह्यांनी तो ओढून घेतला, चष्मा मागितला, सगळा वाचला आणि सही केली. मुलगा मान वळवून उभा राहिला, पण व्हीलचेअर त्यानेच ढकलली.

सरोजिनी नगरातले एक म्हातारे डॉक्टर रोज घरी यायचे. धापेला, खाजेला, उलटीला औषध त्यांच्याकडे होतं. झोप वाढत जाईल, मग शुद्ध हरपेल, हे त्यांनी ह्यांच्या खाटेवर बसून ह्यांनाच सांगितलं. माझी कृतज्ञता त्या एका माणसापुरती आहे. चौदा महिने बंदी असलेलं टोमॅटोचं सार ह्यांनी दोन चमचे घेतलं. फोन कानाला धरून ताईशी बोलले. ती पलीकडून रडत होती आणि हे तिला खोटा धीर देत नव्हते.

घरी आल्यावर ते आठ दिवस जगले. तुमच्या घरी ही वेळ आली आणि डॉक्टर पेशंटला बाहेर बसा म्हणाले, तर त्याला आतच बसवून घ्या. प्रेमापोटी लपवलं, असं लोक माझी समजूत घालायला म्हणतात. मी भित्री होते म्हणून लपवलं. ते चौदा महिने त्यांचे होते, मी ते त्यांना न विचारता उधळले.

सहाव्या दिवशी ते पूर्ण शुद्धीवर होते. मी त्यांचा हात धरून विचारलं, "मला माफ केलंत ना?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "नाही," म्हणाले, आणि हात तसाच माझ्या हातात राहू दिला.