व्हायोलिनवाल्या बाईंची मान

आमच्या ह्यांना गावात कुणी नावानं ओळखत नाही. सगळे 'इस्त्रीवाले' म्हणतात. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक बाई चादरींचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली आणि मी ते मुकाट्यानं ठेवूनही घेतलं. संध्याकाळी कळलं, आपला नवरा कपड्यांना नाही, माणसांच्या तोंडांना इस्त्री करतो.

हे फोटो स्टुडिओत रिटचर होते. पुढच्या खोलीत दिवे, पडदे आणि फोटोग्राफरचा रुबाब. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिरप्या काचेच्या मेजावर, डोळ्याला भिंग लावून हे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पांढरा दिसतो. सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं त्यात बारीक रेघा भरल्या, की छापलेल्या फोटोत डाग गायब. लोक पेन्सिलीनं काढतात, आमचे हे पेन्सिलीनं पुसायचे. पुटकुळ्या, डोळ्यांखालचं काळं, कपाळावरच्या आठ्या. नवऱ्या मुलांच्या तोंडावरची भीतीसुद्धा ह्यांनी पुसली असेल.

"रिटचरचं काम दिसलं, तर ते बिघडलं," असं हे म्हणायचे. चाळीस वर्षं राबले आणि ते कुणाला दिसलं नाही, याचंच ह्यांना समाधान. माझा मात्र जळफळाट व्हायचा. फोटोच्या मागे शिक्का फोटोग्राफरचा, कौतुक फोटोग्राफरचं, आणि डोळे अधू झाले ते ह्यांचे.

पुढे कॉम्प्युटर आले आणि मागची खोली बंद झाली. हे घरी बसले. बसले म्हणजे कसले, खिडकीशी मेज ओढून कागदावर चेहरे काढू लागले. शेजारी तो रेडिओ. त्यावर व्हायोलिनवाल्या बाई लागल्या, की घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "मांजराची शेपटी दारात सापडली का हो?" असं मी एकदा विचारलं, तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

त्याच बाई आमच्या गावच्या सभागृहात येणार असं ठरलं. संगीत मंडळाचे चिटणीस घरी आले. म्हणाले, "इस्त्रीवाले, बाईंना त्यांचं पेन्सिलचित्र भेट द्यायचंय. ते तुम्ही काढा. व्यासपीठावर तुमच्या हस्ते द्यायचं, तुमचं नाव पुकारायचं." हे नुसते "बरं" म्हणाले. पण चिटणीस गेल्यावर ह्यांनी चष्मा तीनदा पुसला. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं काम नावासकट लोकांना दिसणार होतं.

तीन आठवडे हे रोज सकाळी उजेड आला की बसायचे. समोर चिटणिसांनी दिलेला बाईंचा मोठा फोटो. आधी डोळे, मग नाक, मग ते पातळ केस. चित्र संपत आलं तेव्हा मी चहा घेऊन गेले. ह्यांनी मला थांबवलं.

"अगं, बघ जरा. हा डाग ठेवू ना?"

बाईंच्या डाव्या जबड्याखाली, मानेवर, अंगठ्याच्या नखाएवढा काळपट डाग होता. फोटोत होता तसाच ह्यांनी चित्रात उतरवला होता.

"पुसा की," मी म्हटलं. "बाईमाणसाच्या मानेवरचा डाग चारचौघांत कशाला मिरवायचा? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला, डाग तसाच राहिला."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. गाढवाला गुळाची चव काय! ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मी चहा निवतोय म्हणून ओरडले. मग ह्यांनी रबर बोटांत मळून मऊ केलं आणि टिपून टिपून तो डाग उचलला. मान अशी स्वच्छ झाली, की मलाच बरं वाटलं.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. मी तिसऱ्या रांगेत, नवी साडी नेसून. ह्यांचं नाव पुकारलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दोघांनी चित्र धरलं, हे बाजूला हात जोडून उभे. टाळ्या झाल्या. बाई चित्राजवळ गेल्या. खूप वेळ बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांचा हात स्वतःच्या मानेकडे गेला.

"चेहरा अगदी माझा आहे," त्या माइकवर म्हणाल्या. "पण ही बाई व्हायोलिन वाजवत नाही."

लोक हसले. मीही हसले, कळलं काहीच नाही.

बाईंनी गळ्याभोवतीचा रुमाल सैल केला आणि मान वळवली. "व्हायोलिन इथं टेकतं. इथं घासून घासून हा डाग पडायला माझी वर्षांमागून वर्षं गेली. माझ्याकडे शिकणाऱ्या मुली येऊन मान दाखवतात. विचारतात, बाई, उमटायला लागला का हो? आणि तुम्ही तो पुसलात?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या क्षणी मी उठायला हवं होतं. 'बाई, ह्यांनी काढला होता, मी पुसायला लावला', एवढंच तर म्हणायचं होतं. तिसऱ्या रांगेतून ऐकूही गेलं असतं. पण शेकडो माणसं, नवी साडी, आणि मी मूग गिळून बसले. ह्यांनी एकदा माझ्या दिशेनं पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"सवय हो," हे म्हणाले. "डाग दिसला की हात आपोआप जातो. चुकलं माझं."

"इस्त्री मारली!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभागृह खदखदून हसलं. बाई हसल्या नाहीत. "दुरुस्त करून पाठवा. मी वाट बघीन," म्हणाल्या आणि चित्र ह्यांच्या हातात परत दिलं. हे ते काखेत धरून एवढ्या लोकांमधून खाली उतरले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते झालं माझ्या खुर्चीत, गुपचूप.

तीन दिवस चित्र भिंतीकडे तोंड करून उभं होतं. "काय इस्त्रीवाले, बाईंनाही सोडलं नाहीत!" असं म्हणायला माणसं खिडकीशी थांबायची. हे हसून मान डोलवायचे. चौथ्या दिवशी सकाळी मला राहवेना. चहाचा कप ठेवला आणि म्हटलं, "अहो, मी सांगितलं म्हणून तुम्ही पुसलंत. तिथं उठून बोलायला हवं होतं मी."

ह्यांनी पेन्सिलीला टोक करायचं थांबवलं नाही.

"छे गं. तू काय म्हणालीस ते माझ्या लक्षातसुद्धा नाही. तो डाग कसला, हे मला ठाऊक होतं. पण मीच भ्यालो. वाटलं, लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला, डाग तसाच राहिला."

लक्षात नाही म्हणाले, आणि शब्द सगळे माझेच.

मला ते तेव्हाच कळलं. आयुष्यभर परक्यांच्या तोंडांवरचे डाग काढले, तसा ह्यांनी माझा काढला. मी 'नाही हो, चूक माझीच' असं दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची जेवढी लाज वाटते, तेवढी सभागृहातल्या गप्प बसण्याचीही वाटत नाही.

दुपारपर्यंत ह्यांनी मानेवर तो डाग पुन्हा उतरवला. चित्रासोबत बाईंना चिठ्ठी लिहिली आणि मला वाचून दाखवली. "चूक माझी एकट्याची होती," असं त्यात होतं. 'एकट्याची' म्हणताना ह्यांनी वर पाहिलं नाही.

"ठीक आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं, आणि पाकीट माझ्या हातानं चिकटवलं.