साधं पेट्रोल

मला राग फार लवकर येतो. हा गुण कुणाकडून आला सांगता येत नाही, कारण बाबांचा चढलेला आवाज मी आयुष्यात दोनदा ऐकला असेल, आणि दोन्ही वेळा समोर बैल होता. गेल्या वर्षी एका मोटरसायकलवरून मी जे केलं ते आज लिहून काढतो आहे. लिहिल्याने काही सुधारणार नाही, हे मला ठाऊक आहे.

उमेळे गावातली आमची शेवटची वाडी इमारतीत गेली आणि बदल्यात आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. आईने कुंड्यांत तुळस आणि मिरच्या लावून जमवून घेतलं. बाबांचं मात्र सगळं आयुष्य मातीत गेलेलं. लादीवर बसून टीव्ही बघणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांचे एक जुने दोस्त जवळच्याच सांडोर गावात राहतात. त्यांची केळी आणि भाजीची बाग अजून टिकून आहे. दर शनिवारी बाबा तिथे जायचे. कुदळ मारायचे, पाटाचं पाणी वळवायचे, केळीची सुकलेली पानं उतरवायचे. संध्याकाळी नखांत माती घेऊन परत आले की दोन दिवस जेवण नीट जायचं. एरवीचे पाच दिवस ते शनिवारची वाट बघण्यात काढत, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांची स्वतःची मोटरसायकल गंजून भंगारात गेली होती. शनिवारी मला सुट्टी असायची, म्हणून ते माझी गाडी न्यायचे. अडुसष्टाव्या वर्षी ते त्या दणकट गाडीवर बसायचे तेव्हा खरं तर मला अभिमान वाटायचा. तो मी त्यांना कधी सांगितला नाही. सांगायला जीभ रेटत नाही आणि बोलायला मात्र सतत वळवळते, असा माझा स्वभाव.

गाडी नवी होती, मोठ्या इंजिनाची. ती घेतल्यापासून मी मोबाइलवर तिचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला होता. त्यातून मला ऑक्टेनचं ज्ञान झालं. लोकांना वाटतं ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये जोर जास्त. तसं नसतं. इंजिनाच्या आत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. त्या दाबाखाली ठिणगी पडायच्या आधीच जे भडकत नाही, ते जास्त ऑक्टेनचं. थोडक्यात, तो पेट्रोलचा सोशिकपणा. वेळेआधी भडका उडाला की इंजिन आतून ठोकायला लागतं. या हिशेबाने आमच्या घरात बाबा प्रीमियम आणि मी साधं, पण तेव्हा एवढं सुचायची अक्कल नव्हती. इतकं दाबाचं इंजिन आहे म्हणजे त्याला पंच्याण्णवचं प्रीमियमच हवं, हे मी ठरवून टाकलं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक सीटखाली होतं. त्याची प्लास्टिकची पिशवीसुद्धा मी फोडली नव्हती. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेल्याला पुस्तक कशाला लागतं!

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. शेजारून वाटीभर कालवण आलं तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. दोन केळी, मूठभर तांदूळ, अगदीच काही नसलं तर साखरेचे चार दाणे, पण काहीतरी घालूनच द्यायची. बाबांनी ती रीत माझ्या गाडीलाही लावली होती. सांडोरहून येताना ते पंपावर थांबून टाकी भरायचे. रविवारी काटा वर गेलेला दिसला की मला बरं वाटायचं. कुठलं पेट्रोल घातलं, असं मी एकदाही विचारलं नाही.

मग एका सोमवारी घोडबंदर रोडने ठाण्याला कामावर जाताना, गायमुखच्या चढावर इंजिनातून आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा, बारीक. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी घरी आलो तर बाबा खाली इमारतीच्या पार्किंगमध्ये उभे होते. मी हेल्मेटही न काढता विचारलं, “शनिवारी कुठलं पेट्रोल टाकलंत?”

“साधंच,” ते म्हणाले. “टाकी फुल केली. का रे?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, “ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नका. हे काय तुमचं वाडीतलं पाणी ओढायचं रॉकेलचं इंजिन नाही, काहीपण ओतलं की चालायला! वाट लावलीत गाडीची.”

वॉचमन होता. पहिल्या मजल्यावरचं जोडपं भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टपाशी उभं होतं. बाबांनी ज्या जमिनीत चाळीस वर्षं भाजी काढली, त्याच जमिनीवर उभं राहून मी त्यांना परक्या लोकांसमोर अडाणी ठरवलं. त्यांनी गाडीकडे एकदा बघितलं, म्हणाले, “बरं,” आणि जिना चढून गेले. लिफ्ट खालीच उभी होती.

पुढच्या शनिवारी चावी खुंटीवरच राहिली. मला वाटलं, रुसले आहेत, निवळतील. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मग सांडोरहून फोन यायला लागले. बाबा फोनवर सांगायचे, “गुडघा धरलाय.” गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. मी म्हणालो, रिक्षाने जा. ते हो म्हणाले आणि गेले नाहीत. दीड महिन्यानंतर फोन यायचेही थांबले. बाबा दुपारी झोपायला लागले, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. जेवण निम्म्यावर आलं. एकदा मी त्यांचे हात बघितले. नखं स्वच्छ होती, आणि ते मला बघवलं नाही.

आई एवढंच म्हणाली, “त्यांनी कोनाचं भांडं कधी रिकामं दिलं नाय. तुझी गाडी रिकामी कशी देतील? म्हनून नेतच नाय.” मी तेव्हाही तिच्यावर खेकसलो. मनात मात्र पहिल्यांदा हे आलं, की घरच्या वाटीला कुणी केळी घालून परत करत नाही. ही रीत शेजाऱ्यांसाठी असते. बाबा माझी गाडी शेजाऱ्याची वस्तू समजून नेत होते, आणि मला ते सोयीचं वाटत होतं.

गाडीचा आवाज काही थांबला नव्हता. मी नेमाने प्रीमियम भरत होतो, आणि ती गायमुखला नेमाने ठोकत होती. शेवटी गावातल्या मेकॅनिककडे गेलो. मी त्याला ऑक्टेनवर भाषण दिलं. त्याने ते ऐकून घेतलं, मागे बसला आणि म्हणाला, “साहेब, रोज चालवता तशी चालवा. तो पूल चढवा.” मी पूल चढवला. इंजिन ठोकायला लागलं. त्याने पाठीवर थाप मारली.

“पाचव्या गिअरमध्ये चढ का चढता?”

“ॲव्हरेज मिळतं म्हणून. एका व्हिडिओत...”

“तिसऱ्यात टाका.”

तिसऱ्यात टाकली. आवाज बंद.

गॅरेजवर परत आल्यावर त्याने सीट उघडली, ती पिशवी दातांनी फाडली आणि पुस्तकातलं पान काढून माझ्यासमोर धरलं. किमान ऑक्टेन एक्याण्णव. म्हणजे साधं. “प्रीमियम टाका, नाही कोण म्हणतं? पण साध्यावर गाडीची काय तक्रार नाय,” तो म्हणाला. मग ग्रीसचे हात पुसत त्याने विचारलं, “अजून कोण चालवतं ही?”

“बाबा चालवायचे.”

“त्यांच्या हातात ठोकली कधी?”

कधीच नाही. बाबांनी रॉकेलचं इंजिन पंचवीस वर्षं कानाने चालवलं होतं. माझ्या गाडीवरही ओझं आलं की ते गिअर खाली आणत असणार. त्यांना कुणी व्हिडिओतून सांगावं लागलं नसणार. आणि मी पाचव्या गिअरचं खूळ डोक्यात घेतलं ते नेमकं त्याच सोमवारच्या आदल्या दिवशी. हे सगळं मला गॅरेजच्या ओट्यावर बसून एका दमात कळलं. बैल गेला नि झोपा केला, तशातलं कळणं.

त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. पुस्तक दाखवलं, पुलाचं सांगितलं, चूक माझी होती असं स्पष्ट म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असावं. ते म्हणाले, “जाऊ दे. व्हतं तसं.” मी म्हणालो, “मग उद्या शनिवार आहे. जा तुम्ही सांडोरला. मी त्यांना फोन करून ठेवतो.”

सकाळी आम्ही दोघं खाली गेलो. मी चावी त्यांच्या हातात दिली. ते गाडीवर बसले, स्टँड काढला, क्लच दाबला. इंजिन चालू झालं तेव्हा त्यांनी सवयीने मान किंचित तिरकी करून ऐकलं. मला वाटलं, जमलं. पण त्यांनी पहिला गिअर टाकलाच नाही. मग त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि चावी माझ्यापुढे धरली.

“तू चालव. मी मागं बसतो.”

“बाबा, तुम्हीच चालवा ना. गाडीला काही होत नाही. घाबरू नका.”

“गाडीला मी कशाला भिऊ?” ते म्हणाले. “भीती तुझी वाटते.”

रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी वांग्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी गाडीवर बसलो. ते मागे बसले. लहानपणी त्यांच्या मागे बसायचो तेव्हा मी त्यांच्या कमरेला मिठी मारत असे. त्यांनी माझ्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला नाही. दोन्ही हात मागे नेऊन गाडीची लोखंडी दांडी घट्ट धरली, आणि सांडोर येईपर्यंत सोडली नाही.