श्यामसुंदररावांचा टेस्टर आणि जयमालाबाईंची काठी

कोपरखैरण्याच्या श्यामसुंदररावांच्या खिशात एक वेळ पेन नसेल, पण टेस्टर असतोच. सगळी नोकरी बँकेत चेक वटवण्यात गेली. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्यातला वायरमन जो जागा झाला, तो पुन्हा झोपायचं नाव घेईना. कुणाकडे गेले की पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी जवळच्या प्लगात टेस्टर घालून बघणार. बोनकोड्यातल्या एका हळदीला तर त्यांनी आहेर द्यायच्या आधी डीजेवाल्याची वायर तपासली. डीजे जो बसला, तो पाहुणे घरी जाईपर्यंत उठला नाही. तेव्हापासून तिकडची आमंत्रणं एकट्या जयमालाबाईंच्या नावाने येतात.

बाईंना या नादाचा भारी राग. गीझर उघडताना दोनदा शॉक खाऊन पांढराफटक पडलेला नवरा त्यांनी पाहिला होता. आणखी एक शॉक बसला तर हा टेस्टर शिवाला देऊन टाकीन, असं त्यांनी बजावलं होतं. शिवा म्हणजे सोसायटीचा इलेक्ट्रिशियन. रावांच्या मते निव्वळ टेप गुंडाळणारा माणूस. त्याच्या हातात आपलं हत्यार जाण्याइतकी मोठी नामुष्की रावांना सुचत नव्हती.

त्यात बाईंनी कुठेसं ऐकलं, की करंटला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, कोरड्या लाकडाने दूर ढकलायचं. झालं. रावांनी स्टूल काढलं की बाई कपडे वाळत घालायची काठी घेऊन मागे उभ्या. चांगल्या कारागिरावर हवालदार नेमल्यासारखं रावांना ते लागायचं.

एका रविवारी हॉलमधली ट्यूब लुकलुकायला लागली. रावांनी रबरी चपला चढवल्या. टेस्टर पेटतो ना, हे आधी चालू प्लगात पाहिलं, मग मेन बंद करून तोच ट्यूबच्या वायरींना लावला. पेटला नाही. मग जळकं टोक कापलं, वायर सोलली, तांब्याच्या तारा पिळून कनेक्टरमध्ये घट्ट आवळल्या. एक तार बाहेर डोकावत नव्हती. त्यांनी बायकोला मेन चालू करायला सांगितलं. तिने एका हाताने केला. दुसऱ्या हातात काठी होती.

ट्यूब एका दमात लागली. राव असे हरखले की स्टुलावरच दोन्ही हात वर करून अंग घुसळायला लागले. मागून बाईंना दिसलं ते एवढंच, की हात वर आहेत, डोक्यावर वायर आहे आणि नवरा थरथरतोय.

काठी सणसणीत दंडावर बसली. राव सोफ्यावर कोसळले. दंड चोळत भांडायला तोंड उघडलं, तर समोर बाई हमसून हमसून रडत होत्या.

"मला वाटलं, गेलात तुम्ही."

"नाचत होतो गं," राव कसेबसे म्हणाले.

त्यांना स्वतःचीच लाज वाटली. इतकी भीती हिच्या पोटात असते आणि आपण तिला हवालदार समजत होतो. त्यांनी खिशातला टेस्टर काढून तिच्यापुढे धरला, दे म्हणाले शिवाला.

बाईंनी डोळे पुसले. वर लख्ख ट्यूबकडे बघितलं आणि टेस्टर पुन्हा त्यांच्या खिशात खोचला.

"राहू द्या. पण मी घरात नसताना स्टुलावर चढायचं नाही."

हल्ली काही बिघडलं की काठी रावच आणून बायकोच्या हातात देतात. आणि काम कितीही झकास जमलं, तरी दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत आनंद करत नाहीत.