भट्टी तिथेच का?

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केलेला नाही. निवृत्तीनंतर मी डहाणूतच राहिलो. पत्नी गेल्या वर्षी गेली. ती माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असे. तिची पुस्तके अजून तिच्याच टेबलावर आहेत आणि त्याच टेबलाशी बसून मी हे लिहितो आहे. हळूहळू लिहितो, घाई करावी असे आता काही उरलेले नाही. त्या पुस्तकांत एक धडा आहे, लोह-पोलाद उद्योग विशिष्ट ठिकाणीच का उभे राहतात यावर. माझ्या एका तपासाचा त्या धड्याशी संबंध आहे.

तेव्हा मी तलासरीच्या बाजूला, गुजरातच्या सीमेजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. महामार्गावरचे ठाणे म्हणजे अपघातांचे ठाणे. सकाळी हजेरी झाली की ठाणे अंमलदार रात्रीच्या नोंदी वाचून दाखवी आणि त्यात एखादा तरी मृत्यू असेच. माणसाला त्याची सवय होते. ती सवय वाईट आहे, हे नोकरीत असतानाच कळले होते.

त्या दिवशीची नोंद अशी होती: अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचवीस, महामार्गाच्या कडेला मृतावस्थेत, अज्ञात वाहनाची धडक, अंगाला दारूचा वास. अशी नोंद झाली की पुढचे कागद आपोआप तयार होतात. अकस्मात मृत्यू दाखल होतो, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, वाहन सापडत नाही आणि फाइल बंद होते.

मी जागेवर गेलो. छातीवर जबर मार होता, पण रस्त्यावर रक्त नव्हते. पायांत चपला नव्हत्या आणि आसपासही कुठे पडलेल्या नव्हत्या. शर्ट धुतलेला, घडीच्या रेघा तशाच. दारूचा वास शर्टाला येत होता, तोंडाला नव्हता. प्यायलेल्या माणसाचे उलटे असते. हवालदार माझ्याकडे पाहत होते. त्यांची नोकरी माझ्यापेक्षा जुनी होती.

"साहेब, हा इथे मेलेला नाही," ते म्हणाले.

"मग कुठे?"

त्यांनी रस्त्यापलीकडे नजर टाकली. शेताडीच्या मागे एका पोलादाच्या भट्टीचे पत्र्याचे छप्पर दिसत होते.

दुपारी ओळख पटली. घरी न परतलेल्या मुलाचा शोध घेत, सायवनच्याही पलीकडच्या डोंगरातल्या एका गावातून बाप आला. भात आणि नागली करणारा, साठीकडे झुकलेला माणूस. सोबत मयताची बायको होती, कडेवर मूल. रुग्णालयात बापाने मयत मुलाचा चेहरा पाहिला. रडला नाही. मग चादर कमरेपर्यंत खाली केली आणि बराच वेळ तिथेच पाहत राहिला.

"करगोटा कुठाय याचा?"

"बाबा, गाडीच्या धडकेत तुटला असेल," हवालदार म्हणाले.

"करगोटा तुटला, आणि पट्टा नाही तुटला?"

पट्टा जागेवर होता. कमरेवर करगोट्याची फिकट रेघ स्पष्ट दिसत होती. वर्षानुवर्षे दोरा असलेल्या कातडीवरच अशी रेघ पडते. बापाने तिच्यावरून बोट फिरवले.

"आमच्यात नवा बांधल्याबिगर जुना काढत नाहीत. आणि शेवटचा असतो तो चितेवर तोडतात. तो मी तोडायचा होता. कोणी तोडला ते सांगा."

मी विचारले, करगोट्याला काही बांधलेले असायचे का. बायको पहिल्यांदा बोलली. "चावी होती. भट्टीवर पेटी आहे त्याची, तिची."

म्हणजे तो भट्टीवर कामाला होता. बापाला त्याहून दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती.

"कागदावर दारू लिवलंय का, साहेब?"

"वास आला, असे लिहिले आहे."

"तो प्यायचा. खोटं कशाला सांगू? लग्नाला, शिमग्याला प्यायचा. कामाच्या दिवशी नाही. पिऊन त्या आगीसमोर उभा राहील का कोणी? हा पोर मोठा झाला की गाव त्याला सांगेल, तुझा बाप दारू पिऊन रस्त्यात मेला. तेवढं लिवू नका. बाकी तुम्हाला काय लिवायचं ते लिवा."

त्याने न्याय मागितला नाही. भरपाई हा शब्दही उच्चारला नाही. त्याला फक्त ते एक वाक्य पुसून हवे होते.

भट्टीचा मॅनेजर मुंबईकडचा, शिकलेला, नम्र. "साहेब, आमच्याकडचे कामगार ठेकेदाराचे. या नावाचा कोणी नाही. फोटो दाखवा, नाही, मी कधी पाहिलेला नाही." हजेरीपटावर नाव नव्हतेच. जे लिहिलेच नाही ते शोधून सापडत नाही.

खबर मिळाली ती समोरच्या ढाब्यावर. मालक घरी गुजराती बोलणारा, गिऱ्हाइकाशी मराठी.

"मी काय बघितला नाय हां, साहेब. फक्त ऐकला. जेवणाच्या टायमाला धडाम झाला. माझ्या फळीवरच्या बाटल्या खाली. मग भट्टीचा धूर बंद. एवढी वरसं झाली, कामाच्या दिवशी धूर बंद झालेला मी नाय बघितला. शेठ मेला तरी चालू राहील ती."

"मग कोणाला सांगितले का नाही?"

"कोण विचारला?" त्याने चहा पुढे सरकवला. "तुम्ही पयले."

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा पत्नी उत्तरपत्रिका तपासत होती. घरी मी कामाचे फार बोलत नसे, पण त्या दिवशी विचारले, "पोलादाचे कारखाने कुठे होतात?"

"खनिज जवळ, कोळसा जवळ, पाणी, रेल्वे, बाजारपेठ, मजूर," तिने मान वर न करता सांगितले. "का?"

"इथे खनिज नाही. कोळसा नाही. मग ही भट्टी तिथेच का?"

तिने पेन ठेवले. "ही भंगार वितळवणारी भट्टी. तिला खनिज नको, भंगार हवं. ते मुंबईच्या पाडलेल्या इमारतींतून येतं आणि गुजरातच्या किनाऱ्यावर मोडलेल्या जहाजांतून येतं. दोन्ही एकाच महामार्गाने. कोळशाऐवजी वीज. सळया विकायला वसई-विरार आणि वापी, दोन्ही हाताशी." तिने पुढची उत्तरपत्रिका ओढली. "एवढं सगळं महामार्गावर आणखी दहा ठिकाणी आहे. पुस्तकातल्या कारणांनी तिथेच का ते कळत नाही. जे कारण आहे ते पुस्तकात नसेल."

दुसऱ्या दिवशी मयताची बायको ठाण्यात आली. तिने पदराच्या गाठीतून एक चावी काढून टेबलावर ठेवली.

"कुलूप बाजारातून आणलं तेव्हा दोन चाव्या होत्या. एक त्यानं नेली. एक घरी खुंटीला होती."

पंच बोलावून आम्ही भट्टीवर गेलो. मागच्या शेडमध्ये कामगारांच्या पत्र्याच्या पेट्या भिंतीशी ओळीने होत्या. कोणत्याच पेटीवर नाव नाही. ज्याचे कुलूप त्याची पेटी. सुपरवायझर उत्तरेकडचा, इथल्या मराठीत मुरलेला. तो हसत आमच्याबरोबर चालत होता.

"साहब, सगळी कुलपं सारखीच. कोणतीपण चावी कुठेपण लागेल."

"मग लावून बघू."

हवालदारांनी एका टोकापासून सुरुवात केली. चावी लावायची, फिरवायची, काढायची. कामगार दाराशी जमले होते. कोणी बोलत नव्हते, पण चावी एकेका पेटीकडे सरकत गेली तशी त्यांची नजर आधीच पुढच्या एका पेटीवर जाऊन थांबली होती. तपासात तोंडापेक्षा नजर लवकर कबुली देते. त्याच पेटीचे कुलूप उघडले. सुपरवायझरचे हसणे थांबले.

आत फडक्यात बांधलेली नागलीची भाकरी होती, बुरशी आलेली. एक कंगवा. घरून येताना घातलेला शर्ट आणि पँट, घडी करून. आणि त्यांच्या खाली चपला. बाप आमच्याबरोबर आला होता. त्याने शर्ट उचलला, काखेतले ठिगळ उलटून पाहिले आणि मान हलवली. "हे माझ्या सुनेनं लावलंय."

पंचनाम्यात मी प्रत्येक वस्तू लिहून घेतली. माणूस कपडे न बदलता, अनवाणी, भाकरी मागे ठेवून कामावरून घरी जात नाही. तो तिथून स्वतःच्या पायांनी निघालाच नव्हता.

चौकशीत आवाज चढवण्याचा मला कधी उपयोग झाला नाही. मी सुपरवायझरसमोर टेबलावर त्या चपला ठेवल्या आणि गप्प बसलो. शिपायाने पाणी आणून ठेवले. सुपरवायझरने ते प्यायले नाही.

"हा अनवाणी घरी गेला?" बऱ्याच वेळाने मी विचारले.

मग त्याने सांगितले. भंगारात ट्रकचे शॉकअप होते, चाकाचा धक्का झेलणारी नळी. आत तेल आणि हवा कोंडलेली असते, म्हणून असली बंद नळी आधी गॅस कटरने कापायची असते. त्या दिवशी माल घाईचा होता. न कापता टाकायला सांगितले. भट्टीत नळी फुटली, तिचा तुकडा उडाला आणि समोर उभ्या असलेल्या पोराच्या छातीत बसला. दवाखान्यात नेण्याआधी मॅनेजरला फोन केला. फोनवर बोलणे होईपर्यंत तो गेला होता. मग मॅनेजरने सांगितले तसे रात्री शर्टावर दारू ओतून त्याला रस्त्याच्या कडेला टाकले.

"कपडे का बदलले?"

"ठिणग्यांनी भोकं पडली होती. कोणाचा तरी धुतलेला शर्ट होता, तो घातला."

"करगोटा?"

"चावी होती ना त्याला. पेटीची चावी भेटली तर पोलीस आमच्याकडे आले असते. कापला आणि भट्टीत टाकला. नंतर आठवलं, पेटी तर इथेच आहे. पण त्याची कोणती, माहीत नव्हतं. सगळी कुलपं तोडली असती तर पोरं भडकली असती."

"इतर कोणाला विचारायचे."

"काय नावानं विचारणार, साहब? आम्ही त्याला डोंगरवाला म्हणायचो. सगळेच डोंगरवाले."

मॅनेजरला अटक केली तेव्हा तो चिडला नाही. चुकीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यासारखा कंटाळून बसला होता. मी त्याला पत्नीला विचारलेलाच प्रश्न विचारला, भट्टी तिथेच का.

"जमीन स्वस्त, ओढ्याचं पाणी, हायवे. आणि बॉर्डर. या बाजूचा इन्स्पेक्टर आला तर माल त्या बाजूला. साधी गोष्ट आहे."

"आणि माणसे?"

"माणसं तर डोंगरातून चालत येतात, साहेब. शहरात कामगार ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ येतो, मग वकील येतो, मग युनियन. इथे कोणी येत नाही. आमच्या धंद्यात लोकेशन ही फार मोठी गोष्ट असते."

हे उत्तर मी घरी सांगितले. पत्नीने दिवा लावला. त्या वर्षी तो धडा शिकवताना तिने वर्गाला आणखी एक कारण लिहायला सांगितले, असे मला तिच्या एका विद्यार्थ्याकडून नंतर कळले. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणे, अशी कलमे लावून दोषारोपपत्र गेले. दोघांना जामीन मिळाला. माझी बदली झाली. खटल्याच्या तारखा पडत राहिल्या, कामगार-साक्षीदार पांगले आणि मी निवृत्त झालो तेव्हाही खटला संपलेला नव्हता. भट्टी बंद पडली आणि काही महिन्यांत सीमेपलीकडे दुसऱ्या नावाने सुरू झाली. छप्पर तेच होते; पत्रे काढून नेले होते. अंतिम अहवालात मात्र मृत्यूचे ठिकाण भट्टी असे लिहिले गेले आणि दारूचे वाक्य राहिले नाही. माझ्या हातून झाले ते इतकेच.

त्या प्रकरणाने मला शिकवले ते कडू आहे. गुन्हा कुठे घडतो हे आम्ही नकाशावर खूण करून दाखवतो. तो तिथेच का घडतो हे विचारायचे आम्हाला कोणी शिकवत नाही. ज्या ठिकाणी माणूस हरवला तरी विचारणारा येत नाही ते ठिकाण कोणीतरी आधीच हेरून ठेवलेले असते, आणि रस्ता, पाणी, वीज ही कारणे मागाहून कागदावर येतात.

पत्नी गेल्यानंतर काही दिवसांनी मी आशागडच्या बाजारात गेलो होतो. तिथे तो बाप भेटला. पाठ वाकली होती, पण ओळखले. बाई गेल्याचे ऐकले, म्हणाला. मग मी घरचे विचारले.

"नातू शाळेत जातो. धाकटा पोरगा कामाला लागलाय."

"कुठे?"

"पलीकडं. भट्टीवर."

"त्याच?"

"दुसरी कुठाय?"

त्याला माझा चेहरा वाचता आला असावा, कारण माझीच समजूत घालावी तसा तो म्हणाला, "काळजी करू नका, साहेब. नवं कुलूप घेऊन दिलंय त्याला."

त्याने सदरा थोडा वर केला. काळ्या करगोट्याला एक छोटी पितळी चावी बांधलेली होती.

"एक त्याच्याकडं. एक माझ्याकडं."