बुबूच्या घराचं दार

सावूसावू बंदरातल्या सरकारी कल्याण कार्यालयात मेरेसेइनीला बावीस वर्षं झाली होती. कुणाचा भत्ता अडला, कुणाचा जन्मदाखला वाहून गेला, की लोक म्हणायचे, "मेरेसेइनीला गाठा." हाती घेतलेलं काम तिने कधी अर्धवट टाकलं नाही. समुपदेशक सालोते समोरच्या खोलीत बसायची. दोघींच्या मूळ बेटांवरच्या लोकांत एकमेकांची थट्टा करायचं पिढीजात नातं, त्यामुळे जिभेला हाड नव्हतंच.

"तुझं बरंय बाई," मेरेसेइनी म्हणायची, "खुर्चीत बसून नुसतं हं हं करायचं!"

"आणि तू? माणसाने तोंड उघडायच्या आत त्याचा अर्ज भरून मोकळी!"

त्या वर्षीच्या वादळात दूरच्या एका गावात किनाऱ्यावर राहणाऱ्या अमेलिताचं घर पडलं आणि नवरा त्यात गेला. सगळं गाव तिला बुबू, म्हणजे आजी म्हणायचं. मेरेसेइनीने पत्रे आणवले, सुतार धरला, पाण्याची टाकी बसवून घेतली. चार महिन्यांत घर उभं! पण बुबूने वादळानंतर चर्चच्या सभागृहात आसरा घेतला होता, तिथून ती काही हलेना.

"घर झकास झालंय गं पोरी," केवड्याच्या पानांची चटई विणत ती म्हणायची, "जाईन की."

मेरेसेइनीने नव्या पायऱ्या करून दिल्या, चूल आणून दिली. बुबू जागच्या जागी. शेवटी मेरेसेइनी सालोतेच्या दारात उभी राहिली.

"माझ्या हातात होतं ते सगळं केलं. आता तू बघ."

"मंगळवारी घेऊन ये तिला."

"दोन तास बोट, मग बसचा प्रवास. ती यायची नाही. तूच चल. तिथे खुर्ची मिळणार नाही, आधीच सांगते."

सालोते चार मंगळवार गेली. बुबूशेजारी मांडी घालून पानं चिरत बसली. मेरेसेइनी बाहेर चरफडायची आणि परतताना विचारायची, "काय म्हणाली?"

"ते तिचं आहे."

"अगं, मी तिचं घर बांधलंय!"

"बांधलंस ना. तरीही."

मेरेसेइनीने उरलेली वाट तोंड फिरवूनच काढली.

चौथ्या मंगळवारी बुबूनेच तिला आत बोलावलं. "पोरी, हिच्याशी बोलता बोलता माझं मलाच उमगलं. नवं दार समुद्राकडेच आहे, जुन्यासारखं. वाऱ्यात घरधनी दार धरायला गेले, ते तिथेच... त्या दारातून मला आत जाववत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू किती धावत होतीस! आणि तू मला विचारलंस ते पत्रे किती लागतील एवढंच."

मेरेसेइनी उठली आणि थेट सुताराकडे गेली. "दार डोंगराकडे. समुद्राकडची भिंत बंद."

"पण नकाशात..."

"नकाशाचं मी बघते. तू करवत घे."

पुढच्या शनिवारी बुबू घरात गेली. नारळाच्या दुधातली मासळी करून तिने दोघींना जेवू घातलं. जेवताना मध्येच ती रडली. मेरेसेइनी सवयीने उठायला लागली, तर सालोतेने तिचा हात धरून खाली बसवलं. ती बसली. सालोते पुढे कित्येक महिने तिथे जात राहिली.

आता लांबच्या गावांना दोघी एकाच बोटीने जातात, आणि आधी कोण बोलणार यावरून धक्क्यापासूनच भांडतात.