उद्या सांगते

"मला येत नाही. उद्या सांगते." हे वाक्य बाई उभ्या राहून म्हणायच्या. मान खाली नाही, आवाज खाली नाही. आपलं नाव सांगावं तितक्या सहज.

मी तेव्हा मंचरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. ओतूरच्या शेतकऱ्याच्या पोरानं इंग्रजीत एम. ए. केलं याची ऐट अंगात पुरती मुरलेली. त्या वर्षी सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं, आणि अवसरीकडच्या एका वस्तीशाळेतल्या या पन्नाशीच्या बाई प्राचार्यांची परवानगी काढून सकाळी साडेसातला माझ्या अकरावीच्या वर्गात हजर झाल्या. पोरं नव्या मॅडम समजून उभी राहिली. बाई शेवटच्या बाकावर गेल्या, डब्याची पिशवी पायाशी ठेवली आणि वही उघडली.

मी प्रश्न विचारला. नेहमीप्रमाणे सगळ्या माना खाली. एकच वर होती, म्हणून मी तिकडं बोट केलं. बाई उठल्या आणि ते वाक्य म्हणाल्या. वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी मी हजेरी घ्यायच्या आधीच त्यांनी उभं राहून उत्तर सांगून टाकलं. मी तर प्रश्नसुद्धा विसरलो होतो.

बाईंना घाई होती. त्यांच्या दुसरीतल्या सोनालीला तिचे वडील मंचरच्या इंग्रजी शाळेत घालायला निघाले होते.

"बाई, तुमी लई चांगलं शिकवता. पन तुमालाच इंग्रजी येत न्हाई, तर पोरीला काय येनार?"

"खरंय भाऊ. मी शिकते. दिवाळीपर्यंत थांबा."

एकदा तासानंतर त्यांनी पहिलीच्या पुस्तकातल्या गाण्यातलं एक फूल मला विचारलं.

"परदेशी फूल आहे ते, बाई."

"पण असतं कसं?"

"असतं आपलं... फुलासारखं."

बाईंनी माझ्याकडं वर्गातल्या पोराकडं बघावं तसं बघितलं. "सर, येत नाही म्हणायचं की. उद्या सांगा."

मला राग आला. पण ती दुपार मी ग्रंथालयात ते फूल शोधण्यात घालवली, हे तुमच्यापाशी कबूल करतो.

दिवाळीत पाहुण्यांची पोरं फाडफाड इंग्रजी बोलताना सोनालीच्या वडिलांनी पाहिली आणि सुट्टी संपताच तिला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलं. मला वाटलं, आता बाई काही येत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या बाकावर होत्या.

"आता कशाला, बाई?"

"बाकीची सतरा पोरं आहेत ना माझी."

मग एके सकाळी त्या आल्या त्याच तणतणत. सोनाली आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी आली होती. अख्खा इंग्रजी धडा तिनं घडाघडा म्हणून दाखवला. "म्हणजे काय गं?" बाईंनी विचारलं. पोर पुन्हा तोच धडा म्हणू लागली. "मग शाळेत विचारायचं की." तशी ती रडायलाच लागली. "तिथं येत न्हाई म्हनलं की सगळी हसत्यात."

"सर, इंग्रजी आज ना उद्या येईलच हो तिला," बाई मला म्हणाल्या, "पण पोर न येणारं लपवायला शिकली!" त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच एकदा ऐकला.

त्या दिवसापासून नेम ठरला. सोनालीचा धडा सकाळी माझ्याकडून समजून घ्यायचा आणि संध्याकाळी आपल्या ओट्यावर तिला मराठीतून समजावायचा. एम. ए. झालेला मी लहान पोरांची पुस्तकं वाचू लागलो, आणि खरं सांगतो, नोकरीतलं तेवढं सुखाचं काम मी दुसरं केलं नाही. बाई निवृत्त झाल्या तरी नेम मोडला नाही. सोनालीला मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

ती दहावीत असताना बाई गेल्या. चार दिवसांचा ताप, बस्स. शेवटच्या बाकावर बरेच दिवस मी कुणाला बसू दिलं नाही. पोरांना वाटलं, सरांची काहीतरी लहर.

जूनमध्ये नवी अकरावी आली. मी प्रश्न विचारला. माना खाली गेल्या. शेवटच्या बाकावरची एक तेवढी वर होती. मी बोट केलं.

मुलगी उठली. "मला येत नाही, सर. उद्या सांगते."

वर्ग हसला. ती तशीच उभी होती. नाव विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"सोनाली."

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी हजेरीचं पुस्तक उघडलं नाही. शेवटच्या बाकाकडं बघत उभा राहिलो.