मुर्यानीचा अख्खा रविवार

मुर्यानी सकाळी सहाला माझा चहा घेऊन यायची आणि पलंगाच्या कडेला उभी राहून आदल्या रात्रीचं स्वप्न सांगायची. तिच्या गावाकडे, जावातल्या वोनोसोबोच्या डोंगरात, तशी रीत होती. स्वप्न न सांगता कामाला लागलं तर दिवसभर अंग जड राहतं म्हणे. मला ती ओमा म्हणायची, म्हणजे आजी.

"ओमा, आज कोबीच्या मळ्यात पाणी भरलं होतं. आम्ही होडीत बसून कोबी काढत होतो."

कधी घराला दारच नसायचं. कधी धुकं इतकं दाट, की ती ते दोन्ही हातांनी पडद्यासारखं बाजूला सारत शाळेत जायची. आई प्रत्येक स्वप्नात असायची, पण पाठमोरी. "चेहरा दिसतच नाही, ओमा. नुसता आवाज."

तिची आई तुमिरा घरकामासाठी सिंगापूरला आली तेव्हा मुर्यानी नऊ वर्षांची होती. पुढची पंधरा वर्षं आईने तिला फोनवरूनच वाढवलं. ताप आला तर कुठला पाला वाटायचा, मास्तरांना काय उत्तर द्यायचं, पहिल्यांदा कपडे खराब झाले तेव्हा घाबरायचं नाही, हे सगळं फोनवरच. चोविसाव्या वर्षी मुर्यानी स्वतः कामाला बाहेर पडली. एजंटाने हाँगकाँगचा जास्त पगार पुढे केला होता, तरी ती इथेच आली, कारण आई इथे होती. आई बुकित तिमाला, मुर्यानी कातोंगला माझ्याकडे. बसने तासाभराचं अंतर.

हे मला पहिल्याच महिन्यात ठाऊक झालं होतं. त्या महिन्याच्या डायरीत आहे.

माझा नवरा एडगर गेल्यावर घरात मी एकटी. मुर्यानीला मी नीट वागवते याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. एक तारखेला पगार तिच्या हातात. तिला वेगळी खोली, खिडकीबाहेर चाफा. ती मुसलमान, म्हणून आमच्या घरी डुकराचं मांस शिजतं ती भांडी तिने कधी घासली नाहीत, मी घासली. राहिली साप्ताहिक सुट्टी. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी एजंटच्या बाईने विचारलं होतं, सुट्टी की सुट्टीचे पैसे? आमच्या ओळखीत सगळेच पैसे देतात. मी म्हटलं, "पैसेच बरे, नाही का गं? घरी पाठवता येतील."

"हो, ओमा," ती म्हणाली. या देशातला तिचा तो दुसरा दिवस होता. तिने कशालाही हो म्हटलं असतं. मी डायरीत लिहिलं, 'तिच्या मर्जीने.'

रविवारी मी तिला बरोबर चर्चला न्यायचे. मी प्रार्थनेला बसले, की ती शेवटच्या बाकावर डोक्याचा रुमाल सावरून बसायची आणि रंगीत काचांतून आलेला निळा-लाल उजेड फरशीवरून कसा सरकतो ते बघत राहायची. तिथून आम्ही माझ्या चुलतबहिणीकडे, फिलोमिनाकडे जेवायला. फिलोमिनाची आई, आमची टिया बर्टा, म्हणजे बर्टाकाकू, अंथरुणाला खिळलेली. मुर्यानी तिला भरवायची, अंग पुसायची, मग आमची भांडी. संध्याकाळी मी लिहायचे, 'मुरला फिरवून आणलं.' दीड वर्षातले सगळे रविवार असेच लिहिलेले आहेत.

चर्चच्या फाटकासमोर बसथांबा आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे हिरव्या रुमालाची एक बाई दिसायची. बस यायची, जायची. ती चढायची नाही. मी फादरांशी, ओळखीच्यांशी दहा मिनिटं बोलत उभी असायचे, तेवढ्यात मुर्यानी पलीकडे जाऊन यायची. मला वाटायचं, गावाकडची कुणीतरी असेल.

ऑगस्टात एका दुपारी ती इस्त्री करत होती. पंख्याच्या वाऱ्याने पडदे फुगत होते आणि मला डुलकी लागत होती. ती म्हणाली, "ओमा, आई सोमवारी जाणार. कायमची. मालकांचं कुटुंब परदेशी चाललंय, आणि तिचे गुडघेही गेलेत. मला हा रविवार हवा."

"या रविवारी टिया बर्टाचा त्र्याण्णवावा वाढदिवस. चाळीस माणसं. पुढचा घे, मुर."

"पुढच्या रविवारी आई नसेल."

"मग चर्चपाशी बोलवून घे ना तिला. भेटा तिथे."

"तिथे भेटतोच आम्ही," ती म्हणाली. "दहा मिनिटं."

बस आली तरी न चढणारी ती बाई कोण, ते तेव्हा मला कळलं.

मुर्यानीने इस्त्री उभी केली, खोलीत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत अठरा पाकिटं. प्रत्येकावर माझ्याच अक्षरात महिना आणि 'रविवारचे'. एकही फोडलेलं नव्हतं.

"हे परत घ्या, ओमा. मला एक रविवार परत द्या. अख्खा."

एवढे सगळे रविवार देऊन ती एक मागत होती, आणि भाव जास्त झाला असं तिला वाटत नव्हतं. तिला तो कमी पडेल अशी भीती होती.

मी कराराची फाईल काढली. चष्मा लावून, दीड वर्षापूर्वी न वाचताच सही केलेले कागद वाचले. महिन्यातली निदान एक सुट्टी द्यायचीच. तिच्या बदल्यात पैसे देऊन चालत नाही. कामवालीला दुसऱ्याच्या घरी कामाला लावायचं नाही. दोन्ही गोष्टी ठळक अक्षरांत. पाकिटात घातलेल्या रविवारांपैकी, महिन्याला एक धरून, अठरा तर विकत घ्यायला माझे नव्हतेच.

"पाकिटं तुझी," मी म्हटलं. "काम केलंस त्याचे पैसे आहेत ते. रविवारही तुझा. हा, आणि इथून पुढचे सगळे."

ती डबा तसाच धरून उभी राहिली. मी फिलोमिनाला फोन लावला.

"सिसील, डोकं फिरलंय का तुझं? चाळीस माणसं येणार, आईला भरवणार कोण?"

"मी."

"तू? तुझी तुला बुटाची नाडी बांधता येत नाही! आणि सांगून ठेवते, बाहेर सोडलीस की गेली. कुणीतरी गाठ पडेल, पोट घेऊन परत येईल, मग बस तिच्यासाठी सरकारला लिहून दिलेल्या जामिनाचे पैसे भरत."

"ती आईला भेटायला चाललीय, फिलो."

"सगळ्या तेच सांगतात."

"पुढच्या रविवारपासूनही ती यायची नाही तुझ्याकडे. मदतनीस हवी तर तुझी तू ठेव."

तिने फोन आपटला.

रविवारी मी टिया बर्टाला वाटीभर पेज भरवायला पाऊण तास घेतला. अर्धी तिच्या नव्या झग्यावर. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "ती गाणारी मुलगी कुठंय?"

मुर्यानी गाते हे मला माहीत नव्हतं. "आईकडे गेलीय," मी म्हटलं.

"बरं झालं," टिया बर्टा म्हणाली आणि तोंड उघडलं.

मुर्यानी साडेसातला परत आली. पाठीला सुरूच्या काड्या चिकटलेल्या, गालावर चटईची नक्षी उमटलेली.

"कुठे गेला होतात?"

"समुद्रावर, ओमा. झाडाखाली. आईने भात आणि तेंपे बांधून आणलं होतं."

"पोटभर बोललात ना?"

ती जरा ओशाळली. "बोलायचं खूप ठरवलं होतं. जेवलो, आणि आई म्हणाली, पाच मिनिटं पाठ टेकते. मी पण टेकली. जाग आली तेव्हा ऊन पार पाण्यावर गेलं होतं. आईचा हात माझ्या अंगावर होता, म्हणून मी हललेच नाही. ती उठेपर्यंत तिच्याकडे बघत बसले." मग म्हणाली, "ती घोरते, ओमा. फोनवर कधी कळलंच नाही."

तुमिरा सोमवारी गेली. पुढच्या रविवारी आठला मुर्यानीने रुमाल बांधला, चपला घातल्या. "संध्याकाळी येते," म्हणाली. आता तिची आई इथे नव्हती. ती कुठे जाणार, कुणाबरोबर, मला विचारावंसं वाटलं. मी विचारलं नाही. तिने दार हळूच ओढून घेतलं आणि मी चहाचं आधण ठेवायला उठले.